निळी बादली

बादलीची तारेची कडी बोटांना रुतत होती, म्हणून तोमोएनं तिच्यावर आपला रुमाल गुंडाळला आणि दातांनी ओढून गाठ मारली.

"झाली का मलमपट्टी?" शेजारच्या स्टुलावरून कोहेई म्हणाला. "दवाखान्यातली सवय तुझी. कडीलासुद्धा सोडत नाहीस."

"दवाखान्यात मी मलमपट्टी करत नाही. मेलेल्यांचे काप करते."

"मग बरंय. इथंही तेच काम आहे."

त्यानं हातजाळी बुडवली आणि टाकीतली शोभेच्या माशांची शंभरेक पिल्लं तिच्या पुढ्यातल्या पांढऱ्या परातीत ओतली. बोटाच्या पेराएवढी पिल्लं, पांढऱ्यावर लाल. परातीच्या तळाशी ती क्षणभर घाबरून एका जागी गोळा झाली, मग पसरली. तोमोए पुढे वाकली. अख्खं पांढरं, बादलीत. अख्खं लाल, बादलीत. लाल आहे, पण कड पाण्यात शाई सांडल्यासारखी फुटलेली, तेही बादलीत. कड सुरीनं कापल्यासारखी असली तर परातीतच राहायचं. तिचं मनगट आपोआप चालत होतं. वयाच्या सातव्या वर्षापासून ते असंच चालत आलं होतं.

जुलैतली दुसरी निवड. शहरातल्या रुग्णालयातून दहा दिवसांची रजा काढून तोमोए दर वर्षी या निवडीला डोंगरात येई. तिच्या मैत्रिणी समुद्रावर जात. "तू सुट्टीत काय करतेस?" असं कुणी विचारलं की ती म्हणे, तांदूळ निवडते. शेपटी असलेले.

शेडच्या प्लास्टिकच्या छपरावर ऊन साचलं होतं. बाहेर रातकिडे भर दिवसा ओरडत होते. भावाबहिणीच्या मागे भिंतीशी दोन बादल्या शेजारी शेजारी होत्या, एक निळी आणि एक पिवळी. निवडणाऱ्यानं मागे न बघता हात मागे न्यायचा, जाळी उलटी करायची, हात परत पुढे. बादलीत काय पडलं ते बघायचं नाही. दिवस संपला की बादल्या वरच्या बांधावर ओतायच्या. तिथं बगळे रांगेत उभे असत, रेशनच्या दुकानापुढे असावेत तसे.

घरचा नियम एकच होता: बादलीत गेलं ते गेलं. आपल्या किंवा दुसऱ्याच्या बादलीत हात घालायचा नाही. एकदा हात घालायची सवय लागली की माणूस निवडत नाही, नुसता चाचपत राहतो, असं आजोबा म्हणत. आजोबांनी हा नियम मोडलेल्या धाकट्या भावाशी अकरा वर्षं अबोला धरला होता.

तोमोए परातीकडे बघत होती. निदान डोळे तिकडे होते. लक्ष सगळं कोहेईच्या हातावर होतं.

तो छत्तीस वर्षांचा होता. डोक्याला टॉवेल बांधलेला. सतराव्या वर्षी केस गळून गेले तेव्हापासूनचा हा टॉवेल. शाळेत पोरं त्याला 'छोटे भिक्खू' म्हणत आणि त्याच्यापुढे हात जोडून खाऊ मागत. चोविसाव्या वर्षी खाद्याचं पोतं उचलताना कंबर गेली. डोंगरात कुणाची जात नाही? आणि गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी तो झोपेतून उठला तो डावा पाय ओढतच.

केस, कंबर, पाय. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिन्ही गोष्टी एका ओळीत लिहिल्या आणि रक्त तपासायला पाठवलं. कोहेईचं आणि सख्खी बहीण म्हणून तोमोएचंही.

त्या तीन गोष्टी तोमोएनं आधी वाचल्या होत्या. शवचिकित्सेच्या विभागात सव्वीस वर्षं ती मेंदूचे पातळ काप काढून काचेवर चढवत होती. लवचीक तंतू काळे व्हावेत, कोलॅजन लाल व्हावं, असा रंग द्यायचा. इतक्या वर्षांत तीनदा तिच्या हाताखालून असा मेंदू गेला होता, ज्यातल्या बारीक नसांच्या भिंती फुगून आतली वाट सुईच्या भोकाएवढी उरली होती. तिन्ही वेळा सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं: तरुणपणी टक्कल, कंबरदुखी, चाळिशीच्या आत विसर. आणि प्रत्येक नव्या वर्षाला घरी येऊन ती भावाच्या टकलावरून हात फिरवून म्हणाली होती, यंदा चकाकी वाढली बघ.

निकाल फेब्रुवारीत आला. कोहेईकडे बिघडलेल्या जनुकाच्या दोन प्रती, आईकडून एक, बाबांकडून एक. तोमोएकडे एकच. आई ही बाबांची मामेबहीण. या डोंगरात पाच-सहा घरं आपसातच मुली देत-घेत आली, माशांच्या घराण्यांसारखी. लाल रंग पक्का हवा असेल तर बाहेरचं रक्त आणायचं नाही.

"बाबांना तू सांग," कोहेई तेव्हा म्हणाला होता. "मला ते बोलता येणार नाही. पण उन्हाळ्याची निवड होऊ दे. शेवटची असली तर पुरी करू दे मला."

ती कबूल झाली होती.

"ताई, तुझी परात थांबलीय."

"बघतेय."

"काय बघतेयस? ते पांढरं आहे. पांढऱ्याकडे इतका वेळ बघितलं तर ते लाजून लाल होणार नाही."

तिनं ते उचललं आणि हात मागे नेला.

दुपारी कोहेई कंबर टेकवायला घरी गेला. पाय ओढत उतरणीवरून जाताना त्याच्या चपलेची एक रेघ धुळीत उमटत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत तोमोए दारात उभी राहिली. मग ती आत आली, अस्तन्या वर केल्या आणि भिंतीशी जाऊन बसली.

पिवळी आपली, निळी कोहेईची, ती मनाशी म्हणाली, आणि निळ्या बादलीत कोपरापर्यंत हात घातला.

आधी पांढरी आली, मग फुटक्या कडांची. तिला हायसं वाटलं. मग ओंजळीत एक आलं. कपाळावर गोल लाल ठिपका, पाठीवर दोन ठसे, कड अशी की नखानं उचलता यावी. बाबांनी हे पाहिलं असतं तर परातीतून वेगळं काढून नुसतं बघत बसले असते. दुसरं आलं, तिसरंही आलं. तिनं चहाचा मोठा वाडगा घेतला आणि त्यात एकेक सोडत गेली. प्रयोगशाळेत नमुने ठेवतात तशी, चेहरा कोरडा ठेवून. नऊ निघाली. एका सकाळची नऊ.

कोहेईची नजर गेलीच होती. त्या तीन कागदांवर लिहिलेलं होतं तशीच, वेळेवर.

वाडगा दोन्ही हातांत धरून ती वर चढली.

तिचे बाबा गेनसाकु सगळ्यात वरच्या तळ्याच्या कडेला मांड्या घालून बसले होते. झऱ्याचं पाणी एका काळ्या पाइपानं पहिल्या तळ्यात यायचं आणि तिथून एकाखाली एक अशा सात तळ्यांत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते पाइपात बांबूची लांब कामटी घालून ढोसत होते. आतून गंजाच्या रंगाची बुळबुळीत लोळी बाहेर येत होती.

"खालच्या तळ्यातले मासे सकाळपासून तोंड वर काढतायत," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "हे इथं तुंबलंय, आणि मरायची पाळी त्यांच्यावर."

तोमोए बाजूला बसली. वाडगा तिनं सावलीत ठेवला. कुठून सुरुवात करावी याचं तिनं पाच महिने पाठांतर केलं होतं. ते सगळं आता पाइपाकडे बघून विसरायला झालं.

"बाबा, कोहेईच्या पायाचं. ते पायाचं नाहीये."

कामटी थांबली.

"डोक्यातल्या बारीक नसांचं आहे. नसांच्या भिंतीत पेशींच्या बाहेरच्या जागेत एक जाळं असतं, प्रथिनांचं विणलेलं. त्याच्यामुळे भिंत उभी राहते. शरीर रोज थोडं नवं विणतं आणि जास्तीचं कापून टाकतं. कापायला एक कात्री असते. कोहेईची कात्री जन्मापासूनच बोथट आहे. मग जाळं साचत जातं. भिंत जाड होते, कडक होते, आणि आतली वाट..."

"शेवटच्या तळ्याला पाणी पोचत नाही," गेनसाकु म्हणाले.

सव्वीस वर्षं ज्याला ती लांबलचक नावानं ओळखत होती ते एवढंसंच होतं. तिनं मान हलवली.

"शेवटचं तळं कुठलं?"

"आधी चालणं. मग ठरवणं, आठवणं. निवडणं."

"पाइप बदलता येतो."

"हा नाही येत."

"साफ?"

"रक्तदाब सांभाळायचा. सिगारेट नाही. साफ करणारं औषध अजून कुणाकडे नाही."

हातावरची लोळी त्यांनी गवताला पुसली, पुन्हा पुसली.

"आमच्याकडून आलं?"

"अर्धं तुमच्याकडून, अर्धं आईकडून."

"आणि तुझ्यात?"

"माझ्यात एकच प्रत आहे. एकानं काही होत नाही." असं ती पाच महिने सगळ्यांना सांगत आली होती. मग जरा सावरून बसत ती म्हणाली, "बाबा, त्याच्या हातातली जाळी काढून घ्यावी लागेल. मला माहीत आहे, जाळी काढली तर त्याच्याकडे काही उरत नाही. पण या तळ्यांत चार पिढ्यांचा लाल रंग आहे. हे बघा."

तिनं वाडगा पुढे केला.

गेनसाकुंनी तो मांडीवर घेतला. नऊ पिल्लं गोल फिरत होती. म्हाताऱ्याचं डोकं त्यांच्याबरोबर थोडं थोडं फिरलं. "हे चांगलंय," ते पुटपुटले. "हे तर... अरेरे. हेही." मग त्यांनी विचारलं, "कुठल्या बादलीतली?"

"निळ्या."

"हात घातलास?"

"घातला."

ते रागावले नाहीत. त्यांच्या रागाची तयारी करून ती आली होती. तो आला नाही याचंच तिला कसंतरी झालं. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, वाडगा तिच्याकडे दिला आणि उतरायला लागले.

शेडमध्ये पोचल्यावर ते थेट भिंतीशी गेले. निळ्या बादलीची कडी मागच्या बाजूला, भिंतीकडे पडलेली होती. त्यांनी ती उचलली आणि बादली तिच्यापुढे आणून ठेवली.

कडीवर रुमाल होता. ओला, पांढरा, बारीक निळ्या ठिपक्यांचा, दातांनी मारलेल्या गाठीचा.

तोमोए त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पिवळ्या बादलीकडे बघितलं. तिची कडी उघडी होती.

"गेल्या वर्षापासून बघतोय," गेनसाकु म्हणाले. "तुम्ही दोघं जेवायला गेलात की. त्याच्या बादलीत आजवर एक सापडलं मला. तेही माझ्या मते चांगलं होतं. त्याला विचारलं असतं तर भांडला असता."

"बाबा, मी आज... उन्हानं..."

"हो. ऊन आहेच."

ते स्टुलावर बसले. बसल्यावर ते एकदम लहान दिसले.

"आजोबांचा नियम मी दोनदा मोडला. आता तुझ्यासाठी. आधी तुझ्या आईसाठी. तिची बादली पण मी बघत असे. भूकंपाच्या आधी दोन वर्षं."

भूकंपाच्या आधी. घरात सगळे एवढी वर्षं म्हणत आले होते की भूकंपात तळी फुटली, मासे चिखलात तडफडून मेले, त्या धक्क्यानं आई हरवली. चहात मीठ टाकायला लागली ती त्यानंतर, पाहुण्यांच्या पंक्तीतून उठून मधेच माहेरी चालायला लागली तीही त्यानंतर. तोमोएनं ही हकीगत स्वतः कितीतरी जणांना सांगितली होती. ऐकणाऱ्याला पटायची. भूकंप सगळ्यांनीच पाहिलेला होता.

ती खाली बसली आणि कडीवरची गाठ सोडवायला लागली. भिजून गाठ दगड झाली होती. नखानं निघेना. तिनं दात लावून बघितले.

मार्चपासून विभागात नवा नियम आला होता: काचेवरचा क्रमांक दोघांनी वाचायचा. विभागप्रमुख ओरिहारा बाईंनी तो सगळ्यांसमोर न सांगता तिच्या टेबलाशी येऊन, अगदी हळू आवाजात सांगितला होता. वर बिस्किटाचा पुडाही ठेवला होता. रोज सकाळी कुणीतरी येऊन तिच्या शेजारी उभं राहून क्रमांक वाचे. बाकीच्या टेबलांशी कोण उभं राहतं, हे बघायचं तिला आजवर सुचलं नव्हतं.

आणि डॉक्टर फेब्रुवारीत एक वाक्य बोलले नव्हते; दोन बोलले होते. एका प्रतीनं बहुतेकांना काही होत नाही. काहींना पन्नाशीनंतर होतं. तिनं पहिलं परातीत ठेवलं होतं. दुसरं बादलीत. गेल्या मे महिन्यात तिला एक्कावन्नावं वर्ष पुरं झालं होतं.

दारात सावली आली. कोहेई हातात काकड्या आणि मिसोच्या खारट चटणीची वाटी घेऊन उभा होता. त्यानं वाडगा बघितला, बादली बघितली, बाबांकडे बघितलं.

"ताई," तो म्हणाला, "निवड संपू दे म्हटलं होतं ना तुला."

"हो."

"सांगितलंस? सगळं?"

"तुझं सांगितलं."

"आणि तुझं?"

"ते त्यांनी मला सांगितलं."

कोहेई आत आला, आपल्या स्टुलावर एका बाजूनं तोल सांभाळत बसला आणि काकडी मोडून तिचा अर्धा भाग बाबांच्या हातात दिला, अर्धा तिच्या. तिनं तो नुसता धरून ठेवला.

"गेल्या वर्षी मी एकदा परत आलो होतो," तो म्हणाला. "टॉवेल विसरला म्हणून. बाबा बादलीपाशी. मला वाटलं, माझीच बघतायत. तीन रात्री झोप नाही लागली. म्हटलं, गेली नजर. मग एके दिवशी मीच दोन्ही बादल्या उपसल्या." त्यानं काकडी मिसोत बुडवली. "एकदा हसलो, ताई. तुला खोटं कशाला सांगू? एकदा हसलो. मग नाही हसू आलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तू तर मला सांगायला येणार होतीस."

यावर गेनसाकुंच्या घशातून एक आवाज आला. हसण्याचा असावा. त्यांनी लगेच खाकरून तो झाकला.

वाडग्यातली पिल्लं पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडायला लागली होती. कोहेईनं वाडगा उचलला आणि नऊच्या नऊ हळूच टाकीत सोडली. ती गर्दीत मिसळली आणि दिसेनाशी झाली.

"याची जाळी राहील," गेनसाकु म्हणाले. "बसूनच तर करायचंय. पाय कोण मागतोय?"

"आणि माझी?" तोमोएनं विचारलं.

देव्हाऱ्यातल्या आईच्या फोटोकडे बघून ते जेवायला बसत तेव्हा जसे दिसत तसे ते दिसले, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखे. मग त्यांनी उरलेली काकडी तोंडात टाकली आणि बराच वेळ चावली.

"अजून दोन तळी राहिलीत," ते शेवटी म्हणाले. "बगळ्यांना काय सांगू, घरचे आजारी आहेत? चला."

कोहेईनं तिच्या परातीत नवी पिल्लं ओतली. तोमोए स्टुलावर बसली. मागे सिमेंटवर लाकूड घासल्याचा आवाज आला. गेनसाकु आपलं स्टूल ओढत आणत होते. ते भिंतीशी, बादल्यांच्या अगदी लगत येऊन थांबलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते सगळ्यांच्या देखत तिथं बसले.

परातीत पिल्लं क्षणभर एका जागी गोळा झाली, मग पसरली. तोमोए पुढे वाकली. लाल होतं, पांढरं होतं, कडा होत्या. सगळं नेहमीसारखंच स्वच्छ दिसत होतं, आणि त्यानंच तिचा हात थोडा वेळ पाण्यावर अडला.

"ताई," कोहेई आपल्या परातीतून मान वर न करता म्हणाला. "निवड."

तिनं एक उचललं आणि हात मागे नेला. कान मागे होते. काही ऐकू आलं नाही. तिनं दुसरं उचललं, हात मागे नेला, जाळी उलटी केली. काही नाही.

तिसऱ्याला, मागे, पाण्यात हात बुडाल्याचा आवाज आला.